एका पत्त्यावर दोन मुली

शाळेच्या कचेरीत प्रवेशाचं काम बघणाऱ्या मिसेस लॉसननी नकाशा टेबलावर पसरला आणि आमच्या रस्त्यावरून पेन्सिलीचं टोक सावकाश फिरवलं. रस्त्याच्या एका बाजूची, सम क्रमांकाची घरं शाळेच्या हद्दीत होती. समोरच्या बाजूची, विषम क्रमांकाची, हद्दीबाहेर; आणि हमखास प्रवेश हद्दीतल्यांनाच. आमचं घर सत्तेचाळीस नंबरचं होतं.

ही गोष्ट ऑकलंडची, २००७च्या डिसेंबरातली. आम्हाला नाशिकहून येऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. निघण्याआधी सहा महिने माझ्या नवऱ्याने, प्रफुल्लने, रोज ऑफिसातून आल्यावर एकच उद्योग केला होता. कुठला भाग चांगला, कुठली शाळा चांगली, याचे तक्ते बनवायचे. तिथे शाळांना एक ते दहा असे आकडे असत. दहा आकड्याची शाळा सर्वांत उत्तम, असं आम्ही धरून चाललो. तो आकडा वस्तीतली माणसं किती सुखवस्तू आहेत ते सांगतो, शिकवणं कसं आहे ते सांगत नाही, हे मला पुष्कळ नंतर कळलं. बारा वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला हे कळायला हवं होतं.

आमची मोठी मुलगी सानिका तेव्हा तेरा वर्षांची होती, धाकटा ओजस सहाचा. ओजसची काळजी नव्हती, त्याची प्राथमिक शाळा कोपऱ्यावर होती. सारं काही सानिकासाठी चाललं होतं. मुलींची ती शाळा, तिचा हिरवा ब्लेझर, तिचं ग्रंथालय, यांचे फोटो तिने नाशिकच्या मैत्रिणींना दाखवून झाले होते. आम्ही घर घेतलं तेही त्या शाळेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर. भाड्याचा वर्षाचा करार करून टाकला आणि मग नकाशा बघितला.

मिसेस लॉसन वाईट नव्हत्या. हद्दीबाहेरच्या मुलींच्या चिठ्ठ्या ऑक्टोबरातच टाकल्या गेल्या, आता जागा नाही, असं त्यांनी नीट समजावून सांगितलं. सानिका शेजारी बसून ऐकत होती. बाहेर आल्यावर ती रडली नाही. बसस्टॉपवर उभी राहून बुटाने जमीन उकरत राहिली. ओजसने भूक लागली म्हणून भुणभुण लावली होती, तेव्हा मी त्याच्यावर ओरडले. शेजारच्या बाकावरची बाई वळून हसली आणि म्हणाली, "काहून रागावता लेकराला? हे घ्या." तिने पिशवीतून केळं काढून त्याच्या हातात दिलं.

ती वैजयंती गावंडे. मूळची अकोल्याची, तीन वर्षांपूर्वी आलेली. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल, म्हणून मी पहिल्यापासून तिला वैजयंतीताई म्हणायला लागले. त्या मला ज्योत्स्नाबाई म्हणत. त्यांचा नवरा दूर दक्षिणेत एका डेअरी फार्मवर कामाला होता, दीड-दोन महिन्यांनी यायचा. त्या स्वतः मिसेस बेनेट नावाच्या शहाऐंशी वर्षांच्या बाईंची देखभाल करत. सोमवार ते शुक्रवार दिवसरात्र तिथेच राहायचं, शनिवार-रविवारी दुसरी बाई यायची. त्या दोन दिवसांसाठी त्यांनी शहराच्या दक्षिण टोकाला एका फिजी-भारतीय कुटुंबाकडे एक खोली भाड्याने ठेवली होती. त्यांची मुलगी पूर्वा सानिकाच्याच वयाची. तीही आठवड्याचे पाच दिवस आईबरोबर मिसेस बेनेटांकडेच राहायची. हे खरं म्हणजे नियमात बसत नव्हतं. देखभालीला माणसं पुरवणाऱ्या कंपनीने एकटीलाच राहायची परवानगी दिली होती, आणि पैसे भरणारा बेनेटबाईंचा मुलगा सिडनीला होता, त्यालाही मुलीचं ठाऊक नव्हतं. पण म्हातारीला पूर्वाचा लळा लागला होता. नजर गेली होती तिची जवळजवळ. पूर्वा तिला रोज वर्तमानपत्र वाचून दाखवायची.

हे सगळं वैजयंतीताईंनीच मला सांगितलं, पहिल्या दोन आठवड्यांत. माझ्यापासून लपवावं असं त्यांना वाटलंच नाही. स्वस्त भाजी कुठे मिळते, डाळी कुणाकडे घ्यायच्या, हिवाळ्यात भिंतींना बुरशी येते ती कशाने पुसायची, हे सगळं त्यांनी मला शिकवलं. दर शनिवारी आम्ही दोघी बसने भाजीला जायचो. परक्या गावात आपल्या भाषेत मनमोकळं बोलायला कुणीतरी मिळणं म्हणजे काय, ते मी सांगत बसत नाही.

मिसेस बेनेटांचं घर शाळेच्या हद्दीत होतं. पूर्वाला त्या पत्त्यावर प्रवेश मिळाला होता. माझी अडचण ऐकल्यावर वैजयंतीताई दोन दिवस विचारात होत्या. मग एका शनिवारी त्या स्वतःहून म्हणाल्या की बेनेटबाई पत्र देतील, तुम्ही आणि सानिका त्यांच्याकडे एक खोली भाड्याने घेऊन राहता असं. मी आधी नको म्हटलं. तोंडदेखलं म्हटलं, हे त्यांनाही कळलं असावं.

"एवढ्यानं कोणाचं काही जात नाही," त्या म्हणाल्या. "दोघी पोरी सोबत जातील, सोबत येतील. माझ्या पूर्वीलाही कोणी पाहिजेच."

बेनेटबाईंनी कापऱ्या हाताने सही केली. मी शपथपत्र केलं. प्रफुल्ल माझ्याहून पक्का, त्याने माझ्या बँकेची पत्रं, फोनचं बिल, सगळं त्या पत्त्यावर वळवून घेतलं. फेब्रुवारीत दोघी मुली हिरवे ब्लेझर घालून शाळेत जाऊ लागल्या. आमच्या घरासमोरून पूर्वा सानिकाला हाक मारायची आणि दोघी रस्ता ओलांडून पलीकडे जायच्या. तीन महिने इतके छान गेले की आपण काही खोटं केलंय हे मी विसरूनच गेले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिसेस लॉसनचा फोन आला. मी एकटीनेच भेटायला यावं, असं त्यांनी सांगितलं.

त्यांच्यासमोर दोन फायली होत्या. एक आमची, खैरनार नावाची, दुसरी गावंडे. त्या वर्षी शाळेत जागेची टंचाई होती आणि पत्त्यांची तपासणी चालली होती. दोन खोल्यांच्या एका घरात दोन कुटुंबं आणि एक वृद्ध मालकीण, हे त्यांच्या नजरेत आलं होतं. त्यांनी मला सरळ विचारलं की त्या घरात नक्की कोण राहतं.

त्या क्षणी मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली, माझ्या फाइलमधले कागद. बँक, फोन, सगळं जागच्या जागी. गावंड्यांच्या फाइलमध्ये मात्र बँकेचं पत्र दक्षिणेकडच्या खोलीचं होतं, कारण वैजयंतीताईंना ते बदलून घ्यायची गरजच वाटली नव्हती. त्या खरोखरच बेनेटबाईंकडे राहत होत्या. दुसरी गोष्ट, वैजयंतीताई भांडू शकणार नाहीत. भांडल्या तर कंपनीला कळेल, सिडनीच्या मुलाला कळेल, नोकरी जाईल. हे मला माहीत होतं, कारण त्यांनीच मला विश्वासाने सांगितलं होतं.

मी गोंधळून काहीतरी बोलून गेले, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. तसं झालं नव्हतं. मी दोन फायलींकडे पाहिलं, नीट विचार केला, आणि बोलले.

"मी आणि माझी मुलगी राहतो," मी म्हटलं. "मिसेस बेनेटांचं मीच बघते."

"आणि मिसेस गावंडे?"

"ती अधूनमधून कामाला येते."

मिसेस लॉसननी ते लिहून मागितलं. माझ्या हातचं, तारीख घालून, सही करून. या पत्त्यावर आमच्याशिवाय दुसरं कुटुंब राहत नाही, अशी ओळ त्यांनी सांगितली आणि मी लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे. नाशिकच्या शाळेत फळ्यावरचे सुविचार मीच लिहायची.

जाताना त्या म्हणाल्या की गुरुवारी चार वाजता त्या घरी येऊन एकदा बघून जातील, तेवढी औपचारिकता राहिली.

घरी येऊन मी प्रफुल्लला सांगितलं. त्याने फक्त विचारलं, म्हणजे सानिकाचं पक्कं ना? मी हो म्हटलं. त्याने पुढे काही विचारलं नाही. मलाही त्याने विचारायला नकोच होतं.

वैजयंतीताईंना मी फोन केला नाही. केला पाहिजे, करू, असं म्हणत दोन दिवस गेले. बुधवारी दुपारी त्यांचाच आला. आवाज नेहमीसारखा होता. शाळेत बोलावलं होतं, म्हणाल्या. पूर्वाचं नाव काढणार म्हणतात.

मी अरे देवा वगैरे काहीतरी म्हटलं.

"ज्योत्स्नाबाई, एक विचारतो," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांच्या तोंडी कधीकधी अकोल्याकडचं रूप यायचं. "आम्ही तिथं राहत नाही, असं तुम्ही सांगितलं का त्यांना?"

मला आठवतं, खिडकीबाहेर ओजस अनवाणी पळत होता. तिथली मुलं सगळी अनवाणी खेळत, आणि मी त्याला रोज बूट घाल म्हणून रागवायची. त्याच्याकडे बघत मी म्हटलं, "नाही हो. मी असं कसं म्हणेन? कागदांवरून त्यांनीच तसा अर्थ काढला असेल."



"बरं," त्या म्हणाल्या. "मग असं करा. उद्या त्या बाई चारला येणार आहेत. तुम्ही साडेतीनला या. सानिकाची वह्या-पुस्तकं, दोन-चार कपडे, रात्रीचे कपडे घेऊन या. काही राहू देऊ नका."

गुरुवारी मी आणि सानिका दोन पिशव्या घेऊन गेलो. पूर्वाची खोली रिकामी करून ठेवलेली होती. कपाट पुसलेलं, पलंगावर धुतलेली चादर. भिंतीवर तिची चित्रं असायची, ती काढली होती, टाचण्यांची भोकं तेवढी राहिली होती. पूर्वा घरात नव्हती. तिला आदल्या संध्याकाळीच तिच्या आईने दक्षिणेकडच्या खोलीवर पोचवलं होतं. वैजयंतीताईंनी सानिकाचे कपडे स्वतः घड्या घालून कपाटात रचले. उशीपाशी तिचा नाइटड्रेस ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पण तुसडेपणाही केला नाही. सानिकाला त्यांनी दूध दिलं. ती ग्लास हातात धरून पलंगाच्या अगदी कडेला बसली होती, पाहुण्यासारखी.

ठीक चारला बेल वाजली. मी उठले, पण दार वैजयंतीताईंनी उघडलं. त्यांनी एप्रन बांधला होता, हातात पुसायचं फडकं होतं. मिसेस लॉसन आत आल्या तशा त्या बाजूला सरकल्या आणि मान किंचित खाली घालून म्हणाल्या, "मी इथे कामाला येते. बाई आत आहेत."

बाई म्हणजे मी.

मिसेस लॉसननी खोली बघितली, कपाट बघितलं. बेनेटबाई आपल्या खुर्चीत होत्या. मुलगी इथे राहते का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, राहते तर, फार गोड वाचते. त्या पूर्वाबद्दल बोलत होत्या. आम्ही कुणीच काही बोललो नाही. मग मिसेस लॉसन चहाला बसल्या. वैजयंतीताईंनी ट्रे आणून ठेवला, मला आणि त्यांना चहा ओतून दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी तो चहा घेतला. साखर पुढे केली, हवेबद्दल बोलले, घर दमट आहे म्हणाले. चांगली वीस मिनिटं मी त्या घरातली बाई होते.

मिसेस लॉसन गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. वैजयंतीताई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. तुमचे उपकार कसे फेडू, असं काहीसं मी सुरू केलं. त्यांनी मला पुरं करू दिलं नाही.

"दोघींचं जाण्यापेक्षा एकीचं राहिलं," त्या म्हणाल्या. "पोरीला चांगलं शिकू द्या. आता या तुम्ही, आजींची जेवायची वेळ झाली."

घरी येताना सानिकाने विचारलं, पूर्वाचं नाव का काढलं. कागदांत काहीतरी चूक होती, मी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं नाही. पण मग कितीतरी दिवस शाळेतून आल्यावर ती डबा अर्धा परत आणायची. कोणाबरोबर खातेस विचारलं, तर म्हणायची, लायब्ररीत बसते.

पूर्वाला दक्षिणेकडच्या शाळेत घातलं. ती शाळा खोलीपासून जवळ, बेनेटबाईंच्या घरापासून दीड तासावर, तेव्हा आठवड्याचे पाच दिवस तिला त्या फिजीच्या कुटुंबाकडे आईविना राहावं लागलं. तेरा वर्षांची मुलगी. शुक्रवारी आई यायची, सोमवारी पहाटे जायची. हे मला दुसऱ्यांकडून कळलं, कारण आमचं शनिवारचं भाजीला जाणं त्या आठवड्यापासून बंद झालं. भांडण काही झालं नाही. मी फोन केला की त्या बोलायच्या, कामात आहे म्हणायच्या, आणि हळूहळू मीच फोन करायचं सोडून दिलं. खरं तर मला हायसं वाटलं. वर्ष-दीड वर्षाने बेनेटबाईंना वृद्धाश्रमात नेलं, आणि गावंडे कुटुंब नवऱ्याच्या कामाच्या गावी दक्षिणेत निघून गेलं असं ऐकलं.

सानिका त्या शाळेतून चांगली शिकली. पुढे दंतवैद्य झाली. आमच्याकडे कोणी नवीन आलं की प्रफुल्ल अजूनही त्या शाळेचं कौतुक सांगतो. ज्यांना मुलं आहेत ते मला विचारतात, कुठला भाग बघावा, शाळेचं कसं करावं. मी सांगते आणि विषय बदलते.

चौदा वर्षांनी, एका लग्नाच्या निमित्ताने मी क्राइस्टचर्चला गेले होते. वैजयंतीताई तिथेच राहतात हे कळलं. पत्ता मिळवायला मला एक दिवस लागला आणि जायचं धाडस करायला तीन. त्यांनी दार उघडलं. केस पांढरे झाले होते, गुडघे दुखत असावेत, चालताना दाराला धरत होत्या. त्यांनी मला लगेच ओळखलं. आत या म्हणाल्या, पाणी दिलं, मुलांची चौकशी केली. पूर्वा सुईण झाली होती, तिथल्याच इस्पितळात. पहिलं वर्ष तिचं फार वाईट गेलं, कोणाशी बोलायची नाही, मग एक गणिताच्या बाई भेटल्या आणि सावरली, एवढं त्यांनी सहज सांगितलं. मला टोचावं म्हणून सांगितलं असं काही वाटलं नाही.

मी वाटेत वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. शेवटी सरळ म्हटलं, "वैजयंतीताई, त्या वेळी शाळेत मीच सांगितलं होतं. तुम्ही राहत नाही म्हणून. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कसं?" मी विचारलं.

"तुमच्या हातचा कागद त्यांनी मला दाखवला होता. नक्कलही दिली. मी फोन केला तेव्हा तो माझ्या मांडीवरच होता."

"मग विचारलंत कशाला?"

खिडकीतून येणारं ऊन पायांवर घेत त्या बसल्या होत्या. "तुम्ही हो म्हणाल असं वाटलं होतं मला," त्या म्हणाल्या. "लेकरासाठी माणूस काय करेल सांगता येत नाही. मी तुमच्या जागी असती तर मीही कदाचित तेच लिहिलं असतं. तुम्ही हो म्हणाला असतात, तर मी तुम्हाला चार शिव्या दिल्या असत्या, आठ दिवस बोलले नसते. मग शनिवारी आपण भाजीला गेलो असतो."

मग मी बोलत सुटले. तेव्हा मी फार घाबरले होते, नवीन देश होता, असं काहीबाही. बोलताना मला माझाच आवाज ऐकू येत होता, फोनवरचा. त्या ऐकत होत्या, मध्येच मान हलवत होत्या. तेवढ्यात पूर्वा कामावरून आली. उंच झाली होती, केस आखूड कापले होते. वैजयंतीताईंनी सांगितलं, या सानिकाच्या आई, तुला आठवत असतील.

"हो, आठवतात," पूर्वा म्हणाली. सानिका कशी आहे, असं तिने अगदी नीट विचारलं, आणि बूट काढून आत गेली.

त्यांनी जेवायला थांबा म्हटलं. मी नको म्हटलं, त्यांनी आग्रह केला नाही. दारापर्यंत सोडायला आल्या. पायरीवर ओल आहे, सांभाळून उतरा, म्हणाल्या. फाटकापाशी जाऊन मी वळून पाहिलं तेव्हा त्या दारात उभ्याच होत्या. मी हात केला, त्यांनीही केला. पुन्हा या, असं त्या म्हणाल्या नाहीत.